विश्लेषण : मुठीतला कॅमेरा कसा चालतो? त्यातली फिल्म का जपायची?

जुने कपाट आवरताना मुठीत मावणारा फिल्म कॅमेरा सापडला, की पहिला प्रश्न येतो, ‘याचे किती मिळतील?’ प्रश्न गैर नाही. मुंबईच्या दिलीश पारेख यांच्या ४,४२५ जुन्या कॅमेऱ्यांच्या संग्रहाची गिनेस बुकात नोंद आहे. म्हणजे शौकीन आहेतच. पण नागोठण्यासारख्या दमट गावात आधी विचारायला हवे, आत फिल्म आहे का?

सर्वांत गाजलेला छोटा कॅमेरा कोणता?

‘मिनॉक्स’. वॉल्टर झॅप यांनी तो तयार केला. १९३८ पासून लाटव्हियातील रिगा शहरात त्याचे उत्पादन सुरू झाले, महायुद्धानंतर ते जर्मनीत गेले. लांबी जेमतेम ८ सेंटिमीटर. हेरांनी वापरल्यामुळे त्याचे नाव झाले. रिगाचे मूळ मॉडेल आज दुर्मीळ आहे.

तो चालतो कसा?

काडेपेटीसारखी डबी ओढली की लेन्स उघडी पडते. डबी मिटून पुन्हा ओढली की फिल्म एक घर पुढे सरकते आणि शटर सज्ज होते. लेन्सचे छिद्र कमी-जास्त करता येत नाही. उजेडाचा हिशेब शटरच्या वेगावर, म्हणजे अर्ध्या सेकंदापासून सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. अवघ्या २० सेंटिमीटरवरचा कागदही स्पष्ट टिपता येतो.

लहान फिल्मला धोका जास्त का?

मिनॉक्सची निगेटिव्ह ८ बाय ११ मिलिमीटरची. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरील चौकटीच्या साधारण दहावा हिस्सा. पोस्टकार्डाएवढा फोटो काढायचा तर ती तेरा-चौदा पट मोठी करावी लागते. बुरशीचा ठिपका आणि ओरखडाही तितकाच मोठा होतो. पावसाळ्यातली दमट हवा बुरशीला पोषक असते. बंद चामडी पाकिटात ओल कोंडून राहते.

मग करायचे काय?

कॅमेरा उजेडात उघडू नये. पाकिटातून काढून सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावा. आतील फिल्म जाणकाराकडून धुऊन घ्यावी. भिजून चिकटलेल्या निगेटिव्ह ओढून सोडवू नयेत. आंबूस वास आला तर फिल्म खराब होऊ लागली आहे, तिचे स्कॅनिंग आधी करावे.

एकट्या घराला हे जड जाते. अंबा नदीच्या काठाने जुलै १९८९ चा महापूर पाहिला आहे. जांभूळपाडा त्यात उद्ध्वस्त झाले, नागोठण्यालाही फटका बसला. पुरात गेलेले फोटो परत येत नाहीत. माळ्यावर वाचलेले मात्र अजून हाती आहेत. ग्रामपंचायत, वाचनालय आणि शाळांनी दर उन्हाळ्यात, पावसाआधी, एक स्कॅनिंग शिबिर भरवावे. स्कॅनर आणि संगणक शाळेत असतात, शिकणारी मुलेही असतात. कॅमेऱ्याचे मोल बाजार ठरवेल. त्यातली लग्ने, यात्रा आणि माणसे ओळखू शकणारी पिढी मात्र आता थकत चालली आहे.