कापलेला कर मागून का घ्यावा लागतो?

३१ मे हा परभणी जिल्ह्यातील शाळांत आणि कचेऱ्यांत निरोपसमारंभांचा दिवस असतो. त्याचे कारण जितके साधे तितकेच मौजेचे आहे. जन्माची नोंद नसलेल्या मुलाला शाळेत दाखल करून घेताना गुरुजी १ जून ही जन्मतारीख लिहून मोकळे होत, कारण शाळा जूनमध्ये उघडत असे. आणि ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, तो सेवानियमांप्रमाणे आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. गंगाखेड, जिंतूर, सेलू, पाथरी या तालुक्यांतील कितीतरी नोकरदारांची निवृत्ती अशी गुरुजींच्या लेखणीने आधीच ठरवून ठेवली. प्राप्तिकराचे वर्ष मात्र १ एप्रिलला सुरू होते. म्हणजे हा नोकरदार करवर्षाचे दोनच महिने पूर्ण पगारावर असतो आणि उरलेले दहा महिने निवृत्तिवेतनावर. या दोन तारखांमधील फटीत त्याच्या हक्काचे काही हजार रुपये अडकू शकतात.

हे कसे घडते ते समजून घेण्यासाठी पगारावरील करकपातीची रीत पाहावयास हवी. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १९२ नुसार मालकाने कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या वेतनाचा अंदाज करावयाचा, त्या रकमेवरील कर काढावयाचा आणि त्या सरासरी दराने दरमहा कपात करावयाची. वित्तीय वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नास हा कायदा लागू आहे. त्यापुढील उत्पन्नासाठी संसदेने २०२५ चा नवा कायदा केला असला, तरी वेतनावरील कपातीचा पाया अंदाज हाच ठेवला आहे. माणूस वर्षभर त्याच जागी राहिला तर अंदाज खरा ठरतो. तो मध्येच निवृत्त झाला, त्याने राजीनामा दिला किंवा त्याची नेमणूक संपली, आणि पुढे तितकेच उत्पन्न मिळाले नाही, तर अंदाज चुकतो. कराचे दर चढते असल्यामुळे पूर्ण वर्षाच्या उत्पन्नाला साजेसा दर अर्ध्यामुर्ध्या उत्पन्नावर बसतो आणि कर जास्त कापला जातो.

एक हिशेब मांडून पाहू. एका ज्येष्ठ शिक्षकाचा पगार दरमहा १,२०,००० रुपये आहे असे समजा. बारा महिन्यांचे १४,४०,००० रुपये होतात. ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेल्यावर १३,६५,००० रुपये उरतात. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीच्या दरांनी त्यावर ८४,७५० रुपये कर आणि ४ टक्के उपकर धरून ८८,१४० रुपये होतात. दरमहा कपात ७,३४५ रुपये. हे शिक्षक ३१ मे २०२५ रोजी निवृत्त झाले आणि पुढे त्यांना दरमहा ६०,००० रुपये निवृत्तिवेतन मिळू लागले, तर त्यांचे वर्षाचे करपात्र गणले जाणारे उत्पन्न ८,४०,००० रुपयांच्या आतबाहेर राहते. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट असल्यामुळे त्यांना द्यावयाचा कर शून्य. तरीही एप्रिल आणि मे महिन्यांचे १४,६९० रुपये सरकारजमा झालेले असतात.

यावर असे म्हणता येईल की कचेरीतील लिपिकाला भविष्य कसे कळावे? राजीनाम्याच्या बाबतीत हे मान्य करावे लागेल. परंतु निवृत्तीची तारीख तर सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावरून पहिल्याच दिवशी काढता येते. जेथे पगाराला डोळे झाकून बाराने गुणण्याची सवय सुटत नाही, तेथे तीस वर्षे ठाऊक असलेली गोष्टही अंदाजात शिरत नाही. कलम १९२ च्याच तिसऱ्या पोटकलमाने मालकास आधीची कमीअधिक कपात त्याच वर्षातील पुढच्या कपातीत जुळवून घेण्याची मुभा दिलेली आहे. शेवटच्या पगारातील कपात शून्यापर्यंत खाली आणता येते. पण ही मुभा आहे, सक्ती नव्हे. आणि सरकारी कचेरीत मुभेचा अर्थ बहुधा ‘न केले तरी चालते’ असाच घेतला जातो.

निवृत्त शिक्षकाचे एक वेळ निभावून जाते. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या अध्यापकाची स्थिती अधिक अवघड आहे. त्याची नेमणूक सत्रापुरती, मानधन उशिरा आणि उन्हाळ्यात काहीच नाही. जेथे हे मानधन वेतन न मानता व्यावसायिक शुल्क मानले जाते, तेथे १० टक्के कर कापला जातो. वर्षाला दीड लाख रुपये मिळवणाऱ्याचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आसपासही पोचत नाही, तरी त्याचे १५,००० रुपये कापले जातात. बँकेतील ठेवीच्या व्याजासाठी १५जी हे घोषणापत्र देऊन कपात टाळण्याची जी सोय १९६१ च्या कायद्यात आहे, ती या रकमेस लागू नाही. चाकण किंवा वाळूजच्या कारखान्यातील काम सोडून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी घरी परतलेल्या तरुणाचे आणखी वेगळे. पाच वर्षे पूर्ण होण्यापूर्वी त्याने भविष्यनिर्वाह निधीतील ५०,००० रुपये किंवा अधिक रक्कम काढली, तर तिच्यातूनही १० टक्के जातात. पैशाची निकड जेव्हा सर्वाधिक, नेमकी तेव्हाच ही कपात.

हे पैसे बुडत नाहीत हे खरे. विवरणपत्र भरावे, परतावा मागावा, तो मिळतो. पूर्वी परताव्याच्या धनादेशासाठी पोस्टमनची वाट पाहावी लागे. आता बंगळुरूच्या केंद्रात हिशेब होऊन रक्कम सरळ बँकेत येते आणि साधी प्रकरणे पुष्कळदा काही आठवड्यांत निकाली निघतात. या सुधारणेचे श्रेय खात्याला दिलेच पाहिजे. प्रश्न वेगाचा नसून मूळ बोजा कोणी वाहावयाचा याचा आहे. आपल्या उदाहरणातील शिक्षकांचे पैसे २०२५ च्या मे महिन्यापर्यंत गेले. त्यांनी मुदतीत विवरणपत्र भरले आणि परतावा २०२६ च्या ऑगस्टमध्ये हाती पडला, तर व्याज १ एप्रिल २०२६ पासूनच मोजले जाते, दरमहा अर्धा टक्का. म्हणजे सुमारे ३६५ रुपये. त्याआधीचे दहा महिने सरकारला ती रक्कम बिनव्याजी वापरावयास मिळाली. विवरणपत्रास उशीर झाला तर व्याज ते भरल्याच्या दिवसापासून सुरू होते. उलट करदात्याकडून कर थकला तर खाते दरमहा एक टक्का दराने व्याज आकारते. ऋणको आणि धनको यांची जागा बदलताच दर दुप्पट व्हावा, याचे समर्थन अर्थशास्त्राच्या कोणत्या तत्त्वाने करावयाचे?

दुसरी रीत शक्य आहे, हे ब्रिटनने १९४४ साली, महायुद्ध चालू असतानाच दाखवून दिले. तेथील ‘कमवाल तसा भरा’ या पद्धतीत प्रत्येक पगाराच्या वेळी वर्षारंभापासूनच्या एकूण मिळकतीवरचा कर नव्याने काढला जातो. मिळकत घटली की मालकच जादा कापलेली रक्कम पगाराबरोबर परत करतो. नोकरी सोडताना पी-४५ नावाचा कागद मिळतो. तो नव्या मालकाकडे दिला की हिशेब तेथून पुढे चालू राहतो. हे सारे त्या काळी हाताने भरलेल्या कोष्टकांवर चालत असे. संगणक घरोघर पोचलेल्या देशाला ते जमू नये असे मानण्याचे कारण नाही.

आपल्याकडे मात्र २०२५ साली गाडी उलट दिशेने जाण्याची वेळ आली होती. फेब्रुवारीत लोकसभेत मांडलेल्या प्राप्तिकर विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात, ठरल्या तारखेच्या आत विवरणपत्र भरणाऱ्यालाच परतावा मागता येईल अशी अट होती. एका दिवसाचा उशीर आणि स्वतःच्याच पैशावरचा हक्क संपला! बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालील प्रवर समितीने ही अट काढण्याची शिफारस केली आणि ऑगस्टमध्ये संमत झालेल्या कायद्यातून ती वगळली गेली. तथापि अशी अट मसुद्यात शिरू शकली, यावरून परताव्याकडे पाहण्याची खात्याची दृष्टी कळते. जणू ती मेहेरबानी आहे, देणे नव्हे.

परभणीसारख्या जिल्ह्यात या दृष्टीचा फटका अधिक बसतो. निजामाच्या संस्थानातून आलेल्या या भागास भारतीय प्राप्तिकर कायदा १ एप्रिल १९५० पासून लागू झाला. परंतु कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे गावात या कराची माहिती असणारे थोडेच. ‘आपल्याला कर बसत नाही, मग विवरणपत्र कशाला?’ हा समज म्हणूनच सर्वत्र आढळतो. वस्तुतः कर बसत नाही पण कापला गेला आहे, अशाच माणसाने ते भरावयास हवे. अन्यथा रक्कम परत येत नाही. नोकरी सोडताना मालकाकडून १६ क्रमांकाचे प्रमाणपत्र घ्यावे आणि कापलेली रक्कम आपल्या नावे २६एएस या वार्षिक विवरणात दिसते की नाही ते ताडून पाहावे. कर कापूनही मालकाने तो सरकारात भरलाच नाही, तर तोच कर कर्मचाऱ्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा २००७ मधील निर्णय आहे. मात्र तेवढ्याने परतावा हातात पडत नाही, भांडावे लागते. पगाराचे बँक खाते नोकरी सुटल्यावर बंद पडते आणि परतावा तेथेच अडतो, हीदेखील नेहमीची गोष्ट. पॅन आधारशी जोडलेले नसेल तर परतावा थांबतोच, शिवाय त्या काळाचे व्याजही मिळत नाही. ज्यांनी वर्षाच्या मध्यात नवी नोकरी धरली, त्यांनी जुन्या पगाराची माहिती नव्या मालकास न दिल्यास उलटा प्रसंग ओढवतो. दोन्ही मालक सवलती स्वतंत्रपणे देतात आणि वर्षअखेर करदात्याच्याच अंगावर बाकी निघते.

या अज्ञानावर उपजीविका करणारा एक वर्गही आहे. परताव्यात टक्केवारी ठरवून खोट्या वजावटी दाखवणाऱ्या मध्यस्थांविरुद्ध खात्याने जुलै २०२५ मध्ये देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली. ती योग्यच होती. पण खोट्या दाव्यांमुळे खऱ्या दाव्यांकडेही संशयाने पाहिले जाते आणि हकनाक खोळंबा होतो तो ज्याने काहीच लपवले नाही त्याचा.

करावयाची सुधारणा फार मोठी नाही. कर्मचारी नोकरी सोडतो त्या महिन्यात मालकाने त्याचा हिशेब नव्याने केलाच पाहिजे, अशी सक्ती कायद्यात हवी. ज्याचे उत्पन्न केवळ वेतन, निवृत्तिवेतन आणि बँकेचे व्याज एवढेच आहे, त्याची सारी माहिती खात्याजवळ आधीच असते. ती विवरणपत्रात भरूनही दिली जाते. मग हिशेब करून ‘आपले इतके रुपये निघतात, मान्य आहे काय?’ असे खात्यानेच विचारावे. आणि व्याज रक्कम कापल्याच्या महिन्यापासून, खाते जो दर आकारते त्याच दराने द्यावे.

तोपर्यंत जुन्या दाव्यांना एक वाट उघडी आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार, मुदत टळलेला परतावा करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत, खऱ्या अडचणीचे कारण दाखवून प्राप्तिकर आयुक्तांकडे मागता येतो. २०२० च्या टाळेबंदीत पुण्यामुंबईच्या नोकऱ्या सुटून जे गावी परतले आणि ज्यांचा २०२०-२१ मध्ये जास्त कापलेला कर तसाच पडून आहे, त्यांच्यासाठी ही मुदत ३१ मार्च २०२७ पर्यंत आहे. अशा उशिराच्या दाव्यावर व्याज मात्र मुळीच मिळत नाही.