पुलाचे गाव आणि गावाची आठवण

गावांची नावे बहुधा एखाद्या दैवतावरून, वृक्षावरून अथवा मूळ पुरुषावरून पडलेली असतात. पुलगावचे नाव मात्र पुलावरून पडले, आणि त्या एका शब्दात या शहराचा सारा इतिहास सामावला आहे. वर्धा नदी ही एके काळी वऱ्हाड आणि नागपूरकर भोसल्यांचे राज्य यांमधील सीमा होती. मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1867 मध्ये नागपुरास पोहोचला, तो ही सीमा ओलांडून. अमेरिकेतील यादवी युद्धाने (1861 ते 1865) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला होता. वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे साहेबाचे लक्ष वळले ते उगाच नव्हे. नदीवर पूल झाला, पुलाशी स्टेशन आले आणि स्टेशनाभोवती वस्ती वाढली.

याच सुमारास दुसरी एक घटना घडली. वर्धा जिल्हा 1862 मध्ये नागपूरपासून वेगळा झाला, तेव्हा त्याचे मुख्य ठाणे पुलगावजवळच्या कवठ्यास होते. 1866 मध्ये ते पालकवाडीस हलविण्यात आले आणि तेथे आजचे वर्धा शहर उभे राहिले. शेजारचे नाचणगाव जुने. पण बाजार, गिरणी आणि कामगारांच्या चाळी यांचे भाग्य पुलगावच्या वाट्यास आले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या पुलगाव कॉटन मिलने या गावास केवळ रोजगार दिला नाही, तर दिनक्रम दिला. गिरणीच्या भोंग्यावर स्वयंपाक होई आणि भोंग्यावरच पोरे शाळेस निघत. आर्वीहून कापूस आणि माणसे आणणारी अरुंद मापाची गाडी 1917 मध्ये सुरू झाली. पुढे येथे लष्कराचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार आले आणि गावास वेगळी ओळख मिळाली. 31 मे 2016 च्या आगीत दोन अधिकाऱ्यांसह ज्यांनी प्राण वेचले, त्यांत अग्निशामक दलाचे जवान मोठ्या संख्येने होते, हे पुलगाव विसरणार नाही.

परंतु बाकीचे? आर्वीची छोटी गाडी बंद पडून बराच काळ लोटला. जुन्या चाळी, स्टेशनाजवळची घरे, जिनिंगच्या इमारती यांचे भवितव्य आज ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे. नागपुरात 1877 मध्ये सुरू झालेल्या, जमशेदजी टाटांच्या एम्प्रेस मिलच्या जागेवर आज मॉल उभा आहे. काळास कोणी थांबवावे, असे आम्ही म्हणत नाही. पडक्या भिंती केवळ पडक्या आहेत म्हणून जपाव्यात, असेही आमचे मत नाही. ज्या घरात आज माणसे राहतात त्यांना गळके छप्पर हा वारसा वाटणार नाही, आणि तसे त्यांना सांगणे ही क्रूर थट्टा होय. तथापि, पाडण्यापूर्वी काय पाडतो आहोत, एवढे तरी गावास ठाऊक असावे की नाही?

मुंबईने 1995 मध्ये आपल्या वारसा इमारतींसाठी नियमावली केली. पुलगावास तेवढा थाट नको. नगरपालिकेने एक नोंदवही करावी. तीत प्रत्येक जुनी इमारत, तिचे छायाचित्र, तिचा उपयोग आणि ती कोणत्या कामासाठी बांधली गेली याची माहिती असावी. गिरणीत काम केलेली माणसे हयात आहेत तोवर त्यांच्या तोंडून हकिगती उतरून घ्याव्यात. हे काम शाळांतील मुलांवर सोपविले तर उत्तमच. पानिपतची सनावळी घोकणाऱ्या विद्यार्थ्यास आपल्या गावाच्या नावाचा उगम सांगता येऊ नये, हा दोष विद्यार्थ्याचा नव्हे, शिकविणाऱ्यांचा आहे. आम्हीही कधी काळी खडू हाती धरला होता, म्हणून हा दोष आम्ही प्रथम आपल्याच पदरी घेतो.

या कामास मोठा निधी लागत नाही. वेळेवर सुचावे लागते. इमारत पडली तर तिचे निदान चित्र राहते. माणूस गेला की त्याच्यापाशी असलेले गाव त्याच्याबरोबर जाते. नगरपालिकेने ही वही येत्या वर्षातच उघडावी.