रडगाणं नको, हिशेब लिहा!

मॅनेजमेंटच्या बड्या शाळांनी दारावर एक भालदार उभा केलाय. त्याचं नाव निबंध. मार्क आणा, प्रवेशपरीक्षा मारा, नोकरीचा अनुभव दाखवा, तेवढ्यानं भागत नाही. तू कोण आहेस ते सांग, म्हणतो. स्टॅनफर्डची शाळा विचारते : तुझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं काय, आणि का? साडेसहाशे शब्दांत बोल. हार्वर्डनं २०२४ साली जुना एक निबंध मोडून तीन केले : धंद्याची नजर ३०० शब्द, नेतृत्व २५०, वाढ २५०. हैदराबादची इंडियन स्कूल ऑफ बिझनेस २००१ साली उघडली, तिथंही अर्जाबरोबर निबंध लागतात. शिवाय ती खाजगी. आय.आय.एम.मध्ये अनुसूचित जातींच्या १५ टक्के जागा कायद्यानं आहेत. इथं कायदा नाही. इथं फक्त निबंध आहे.

'तू कोण?' हा सवाल आपल्याला नवा आहे काय? गावाच्या वेशीवर तोच, भाड्याची खोली बघायला गेलो की तोच. आता इंग्रजीत आलाय एवढंच.

हा सवाल आला कुठून तेही माहीत करून घ्या. अमेरिकेत १९२२ च्या सुमाराला हार्वर्ड कॉलेजात दर पाचांत एक पोरगा ज्यू होता. परीक्षा द्यायचे, पास व्हायचे, आत यायचे. अध्यक्ष लॉवेल यांच्या पोटात दुखायला लागलं. त्यांनी ज्यूंवर उघड मर्यादा घालायचा घाट घातला. त्यावर बोंब झाली, प्राध्यापकांनी ते मोडून काढलं. मग १९२६ मध्ये मागच्या दारानं तेच केलं. नुसते मार्क नकोत, म्हणे 'चारित्र्य' बघू. फोटो आणा. चारित्र्याला फूटपट्टी नाही, त्यामुळे मोजणारा म्हणेल तेवढंच ते भरतं. ज्यूंची संख्या घटली. कुणाचं नाव न घेता कुणाला तरी बाहेर ठेवायची ही युक्ती आपल्याकडच्या सोवळ्यावाल्यांना शिकवावी लागत नाही. 'मेरिट' आणि 'कल्चर' हे शब्द त्यांच्या तोंडी आहेतच.

आता दुसरं टोक बघा. २९ जून २०२३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या खटल्यांत वंश बघून प्रवेश देणं बंद केलं. त्याच निकालपत्रात सरन्यायाधीश म्हणतात, वंशामुळे आयुष्यावर काय परिणाम झाला हे उमेदवारानं निबंधात लिहिलं तर ते वाचायला मनाई नाही, पण ते त्याच्या धैर्याशी, कर्तबगारीशी जोडलेलं हवं. म्हणजे काळ्या पोराचा समूह म्हणून हक्क गेला. राहिली त्याची एकट्याची कहाणी. चांगली सांगितली तर आत, नाही तर बाहेर.

या कहाणीचा आता बाजार झालाय. सल्लागार बसलेत दुकानं थाटून, फी लाखांत. आपला पोरगा त्यांच्याकडं गेला की दोनच सल्ले. पहिला : जात लपव. आडनावावरून कळत नाही ना, मग गप बस, क्रिकेट टीमचा कॅप्टन होतो म्हणून लिही. दुसरा : जात विक. झोपडपट्टी दाखव, आईची धुणीभांडी दाखव, बापाचं गटारात उतरणं दाखव, साहेबाच्या डोळ्यांत पाणी आण. एक म्हणतो झाक, दुसरा म्हणतो उघडा पड. दोघांनाही तू माणूस म्हणून नकोच आहेस. पहिल्याला तू त्यांच्यासारखा हवास, दुसऱ्याला केविलवाणा.

मित्रांनो, रडगाण्यानं काय होतं? वाचणारा डोळे पुसतो, आपण किती कनवाळू म्हणून स्वतःवरच खूश होतो आणि पुढचा अर्ज उचलतो. तुझा बाप गटारात उतरला हे त्याला कळलं. तुला काय येतं, तू काय केलंस, हे कुठं कळलं? बापाचं मरण २५० शब्दांत बसवून तू त्याच्या टेबलावर ठेवलंस, आणि बापाला उतरवणारा ठेकेदार मात्र निबंधात कुठंच नाही. ज्या निबंधात जखम आहे आणि मारणारा नाही, तो निबंध भिकेचा कटोरा आहे. फेका तो!

मग काय, दुःख लिहायचंच नाही? कोण म्हणतो! बाबासाहेबांनी लिहिलंय. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' काढून वाचा. पोरं वडलांना भेटायला निघालीत. मसूर स्टेशन. महाराची पोरं म्हटल्यावर एक गाडीवान यायला तयार नाही. शेवटी एक तयार होतो : भाडं दुप्पट, आणि गाडी पोरांनीच हाकायची, तो पायी चालणार. आता अर्थशास्त्राच्या नजरेनं बघा. गाडी तीच, रस्ता तोच, भाडं दुप्पट, आणि राबणूकही गिऱ्हाइकाची. त्या जादा भाड्याचं नाव जात. रडायची गरजच नाही, आकडाच गालफडात मारतो.

महाडचंही तेच. तळं नगरपालिकेनं १९२४ सालीच ठराव करून सगळ्यांना खुलं केलेलं. तरी मार्च १९२७ मध्ये परिषदेला जमलेल्या आपल्या माणसांसाठी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. शेजारी तळं भरलेलं आणि खर्चाच्या वहीत पाणी : रुपये ४०. ही एक ओळ शंभर पानांच्या आक्रोशाला भारी आहे.

वाणिज्य हे वाण्याबामणांचं, आपलं नव्हे, असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा : बाबासाहेब १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉमर्स कॉलेजात प्राध्यापक झाले. १९२३ मध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लंडनला निघाला. हिल्टन यंग कमिशनपुढं साक्ष द्यायलाही ते गेले. ही गादी आपली आहे.

म्हणून कामाचं बोलू. नेतृत्व म्हणजे काय लिहायचं? साहेबाच्या पोराकडं क्लबाचं अध्यक्षपद असतं. तुझ्याकडं जयंती आहे. हसू नकोस. वर्गणी, पावती पुस्तकं, पोलिस परवानगी, मंडपवाल्याशी घासाघीस, मिरवणुकीचा रस्ता, दोन गटांतली भांडणं, आणि शेवटी बोर्डावर लावलेला हिशेब. समजा गेल्या साली वर्गणीत घोळ होता, पोरं एकमेकांवर धावून गेली होती. तू खजिनदार झालास, पावत्यांना नंबर टाकलेस, रोज रात्री दहाला जमाखर्च फळ्यावर लिहिलास, आणि उरलेल्या पैशांतून वस्तीत अभ्यासिका काढलीस. याला मॅनेजमेंट म्हणत नाहीत तर कशाला म्हणतात? हॉस्टेलच्या मेसचा ठेकेदार डाळीत पाणी घालायचा, तुम्ही आठवडाभर डाळ मोजलीत, कागद केलात, वॉर्डनला भिडलात, ठेका बदललात. लिही तेच. पोरींनो, तुमच्या आयांची भिशी लिहा : कुणाला आधी उचल द्यायची आणि कुणी हप्ता थकवला तर काय करायचं हे त्या कसं ठरवतात ते लिहा. पतपुरवठा म्हणजे हेच.

लिहिताना चार गोष्टी पाळा. 'आम्ही' कुठं आणि 'मी' कुठं ते चोख सांगा. संघटनेनं केलेलं स्वतःच्या नावावर खपवू नका, पण आपण केलेलं लाजून गिळूही नका. अडचण एका वाक्यात, निर्णय पाच वाक्यांत. दुसरा पर्याय काय होता आणि तो का टाकला, ते सांगा. आणि जात लिहायची तर कारण म्हणून लिहा, दागिना म्हणून नको.

शेवटचा सवाल असतो : शिकून काय करणार? 'समाजाला परतफेड' असलं गुळमुळीत लिहू नका. मुंबई महापालिकेचे २७०० सफाई कामगार आठवा. वर्षानुवर्षं शहराचा कचरा उचलत होते, पण कागदावर पालिकेचे कामगार नव्हते. कचरा वाहतूक श्रमिक संघ लढला आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टात त्यांना कायम करण्यावर शिक्कामोर्तब झालं. मॅनेजमेंटच्या पुस्तकात ठेकेदारीला खर्चाची बचत म्हणतात. ही बचत कुणाच्या हाडांतून काढली जाते, हे ज्याला घरातूनच माहीत आहे तो त्या वर्गात बसायला पाहिजे, आणि प्रोफेसर फळ्यावर बचत लिहील तेव्हा त्यानं हात वर करायला पाहिजे. काय करणार, याचं उत्तर हे आहे.

आपल्यातले काही म्हणतील, भांडवलदारांच्या शाळेत जायचंच कशाला? अरे, आपण गेलो नाही म्हणून त्यांची शाळा बंद पडणार आहे काय? ठेका कसा लिहितात हे आपल्याला कळत नाही, तोवर ठेक्यात आपलीच मान अडकणार. जायचं. पण वाकून जायचं नाही.

आणि नुसत्या निबंधानं दार उघडेल या भ्रमातही राहू नका. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीला २०२५ साली १०६ जण निवडले, आणि सुरुवातीला पत्रं हातात पडली फक्त ४० जणांच्या. बाकीच्यांना सांगितलं, निधी आला तर बघू. पोरं निबंध जिंकतात आणि सरकार त्यांना खिडकीवर अडवतं. ती लढाई रस्त्यावरची आहे. निबंध तिला पर्याय नाही.

तेव्हा दलालांना पैसे देणं बंद करा. हॉस्टेलात, विहारात, वाचनालयात रविवारी चौघं बसा. एकानं वाचायचं, तिघांनी फाडायचं. जो आत गेला त्यानं पुढच्या साली मागच्या दोघांचे निबंध वाचून द्यायचे. हे उपकार नव्हेत, वर्गणी आहे. पावती फाडा!

भालदार विचारतो, तू कोण? सांगा त्याला : मी हिशेब मागणारा. जयभीम!