हलणारी रेषा

अ‍ॅनिमेशन म्हणजे स्थिर चित्र हलते करण्याची कला. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एकेक चित्र दोन चौकटींना पुरवले तरी हाताने काम करणाऱ्याला सेकंदाला १२ चित्रे काढावी लागतात. सात मिनिटांच्या फिल्मला पाच हजारांहून अधिक. दादासाहेब फाळके यांची १९१५ मधली ‘आगकाड्यांची मौज’ याच तत्त्वावर उभी होती: काडी केसभर सरकवायची, चौकट टिपायची, पुन्हा काडी सरकवायची. तिचा हेतू नावाप्रमाणेच मौजेचा होता. सामाजिक प्रश्नांकडे ही कला भारतात वळली ती स्वातंत्र्यानंतर, आणि तिची घडण बरीचशी मुंबईत झाली.

१९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने पन्नाशीच्या दशकात स्वतंत्र कार्टून विभाग काढला. डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले आणि राम मोहन यांच्यासारखे तरुण त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९७४ ची ‘एक अनेक और एकता’ ही याच संस्थेची फिल्म. विजया मुळे यांची संकल्पना, भीमसेन यांचे अ‍ॅनिमेशन आणि वसंत देसाई यांचे संगीत असा तिचा संच होता. ‘अनेक’ म्हणजे काय, असे लहानगा विचारतो आणि ताई त्याला पारध्याच्या जाळ्यात सापडलेल्या पक्ष्यांची गोष्ट सांगते. पक्षी एकदम जोर लावतात, जाळे जमिनीवरून उचलले जाते आणि उंदीर ते कुरतडतात. राष्ट्रीय एकात्मतेवरचे भाषण जे करू शकले नसते, ते त्या उचलल्या गेलेल्या जाळ्याने केले. दूरदर्शनवर ही फिल्म पाहून एक पिढी वाढली.

अशा कामासाठी रेखाटलेले पात्र उपयोगी पडते, याची कारणे सरळ आहेत. कॅमेऱ्यासमोरचा माणूस कुठल्या तरी गावचा, जातीचा, भाषेचा असतो. ‘हे आमच्याकडे होत नाही’ ही पळवाट प्रेक्षकाला लगेच सापडते. रेषेतल्या माणसाच्या बाबतीत ती तितकी सहज मिळत नाही. शिवाय ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा चेहरा उघड न करता त्याची हकीकत सांगता येते. ‘फ्ली’ या २०२१ च्या डॅनिश चित्रपटात अफगाण निर्वासिताची आपबीती म्हणूनच अ‍ॅनिमेशनमध्ये आली.

मात्र सगळ्यांचे वाटावे असे पात्र आपोआप तयार होत नाही. नव्वदीच्या दशकात युनिसेफने दक्षिण आशियातल्या मुलींच्या प्रश्नांवर ‘मीना’ ही मालिका आणली. राम मोहन तिच्या घडणीत आघाडीवर होते. भारत, बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तान या सगळीकडे ही मुलगी शेजारची वाटायला हवी होती. म्हणून नाव असे निवडले, की कुणाला ते परके वाटू नये. पोशाख, घर, गाव कसे दाखवायचे, हे ठरवण्याआधी कच्ची रेखाटने मुलांपुढे आणि पालकांपुढे ठेवून त्यांची मते घेतली गेली. पोपट मिठू आणि भाऊ राजू हे तिचे सोबती.

एका भागात आंब्याची वाटणी होते आणि मोठा वाटा राजूच्या हाती जातो. त्यावरून दोघे एका दिवसापुरती कामांची अदलाबदल करतात. मीनाच्या वाट्याची घरकामे उरकता उरकता राजू थकून जातो. मुलीला कमी खायला देणे चूक आहे, हे कुणी तोंडाने सांगण्याआधीच त्याच्या थकव्यातून कळते. ‘आवाज’ दिवाळी अंकाच्या खिडकीचित्रांची युक्ती वेगळ्या हेतूने का होईना, हीच आहे: खिडकीतून एक दिसते, पान उलटले की दुसरेच निघते, आणि वाचक स्वतःच्याच समजुतीवर हसतो. चूक प्रेक्षकाने स्वतः पकडली की ती त्याच्या लक्षात राहते.

सर्वात नाजूक विषय बालकांच्या लैंगिक शोषणाचा. १०९८ ही चाइल्डलाइन हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाली. चाइल्डलाइनसाठी झालेल्या ‘कोमल’ या अ‍ॅनिमेशनपटात शोषण करणारा ओळखीचाच शेजारी आहे. कुठला स्पर्श सुरक्षित, कुठला नाही आणि घडले तर कुणाला सांगायचे, हे फिल्म मुलांच्या भाषेत समजावते. खऱ्या बालकलाकाराला असल्या प्रसंगात उभे करणे हाच अन्याय ठरला असता.

प्रश्न ज्यांचा आहे त्यांनाच चित्रकार करणे ही पुढची पायरी. आयआयटी मुंबईत अध्यापन केलेल्या नीना सबनानी यांची ‘टांको बोले छे’ ही २००९ ची फिल्म कच्छच्या कारागीर महिलांच्या कापडावरच्या ठिगळकामातून आणि भरतकामातून घडली. सीमेपलीकडून झालेले स्थलांतर आणि २००१ चा भूकंप त्या स्वतःच्या आवाजात सांगतात, आणि पडद्यावर हलतात ती चित्रे त्यांच्याच टाक्यांची आहेत.

या माध्यमाची मर्यादाही स्पष्ट आहे. नुसत्या फिल्मने रीत मोडत नाही. मीनाच्या फिल्म्सबरोबर चित्रकथांची पुस्तके, रेडिओ मालिका आणि चर्चा घडवून आणणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका होत्या, त्या यासाठीच. महाराष्ट्राला ही पद्धत नवी नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचा चित्रकथी पोथीतले एकेक चित्र समोर धरतो आणि गाऊन कथा पुढे नेतो. त्याचे चित्र जागचे हलत नाही, पण प्रेक्षकांसमोर सांगणारा हजर असतो. आज चित्र हलवण्याचे काम मोबाइलवरही होते. शाळेत किंवा अंगणवाडीत ते दाखवून झाल्यावर मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे कुणीतरी मात्र पडद्याशेजारी लागतेच.