हिशेब कोणी तपासावा?

सावकाराच्या वहींत काय लिहिलें आहे, हें कुणब्या-कारागिराला कधीं कळलें नाहीं. वही त्याची, लेखणी त्याची, बेरीजही त्याचीच. आपला फक्त आंगठा. १८७५ सालीं भीमथडी तालुक्यांतील सुपें गांवीं लोक उठले, तेव्हां त्यांनीं मुख्यतः हात घातला तो रोख्यांना व वह्यांना. पुढें १८७९ च्या कायद्यानें मूळ व्यवहार उकरून पाहण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला व पावती देणें सावकारावर बंधनकारक झालें. तंटा हिशेबाचाही होता, हें सरकारास कबूल करावें लागलें.

आज आपली शिल्लक पतपेढींत, साखर कारखान्याच्या शेअरांत, आणि पोरें शहरांत गेलीं म्हणजे कंपन्यांच्या भागांतही जाते. वही आतां यंत्रांत असते, पण ती ठेवणारे कारभारी निराळे आणि पैसेवाले निराळे. म्हणून कायद्यानें मधें एक तिऱ्हाईत उभा केला आहे. त्यास ऑडिटर म्हणतात. हिशेब लिहिणें हें त्याचें काम नव्हे; लिहिलेला हिशेब खरा आहे कीं नाहीं, हें स्वतः पडताळून मालकांस सांगणें हें त्याचें काम.

तो पडताळणी सोडून देतो तेव्हां काय होतें, हें हैदराबादेच्या सत्यम् कंपनीनें दाखविलें. ७ जानेवारी २००९ रोजीं तिचे चेअरमन रामलिंग राजू यांनीं पत्र लिहून कबूल केलें कीं, वहींत दाखविलेल्या रोख व बँक शिलकेपैकीं ५,०४० कोटी रुपये मुळांत नव्हतेच! वर्षानुवर्षें त्या हिशेबांवर एका नामांकित ऑडिट पेढीची सही होत होती. बँकेला पत्र घालून शिल्लक विचारणें ही ऑडिटरची अगदीं पहिली पायरी. पण तीं पत्रें धाडण्याचें काम कंपनीच्याच हातीं सोडलें होतें, असें अमेरिकेच्या रोखेबाजार नियामकानें २०११ सालीं ठरविलें. चोरालाच कुलूप तपासावयास धाडण्यासारखें हें झालें. २०१५ सालीं हैदराबादच्या खास न्यायालयानें दहा जणांस दोषी ठरविलें. त्यांत दोन ऑडिटरही होते.

आम्ही शाळेंत पोरांना पाट्या बदलून गणितें तपासावयास सांगतों. पण दोघे सोबती शेजारीं बसले कीं दोन्ही पाट्या हटकून बरोबर निघतात! २०१३ च्या कंपनी कायद्यानें हेंच ओळखलें. नोंदलेल्या कंपनींत एका पेढीस पांच-पांच वर्षांच्या दोन मुदतींपेक्षां सलग राहतां येत नाहीं, आणि ज्या कंपनीचें ऑडिट करावयाचें तिचे हिशेब लिहून देण्याचें कामही तिला करतां येत नाहीं.

सहकारी संस्थेंत तर सरकारी यादींतून ऑडिटर नेमण्याचा हक्क सर्वसाधारण सभेस, म्हणजे तुम्हांआम्हांसच आहे. सभेंत होतें काय? अहवाल "वाचला असें समजून" मंजूर होतो आणि मंडळी चहाकडे वळतात. यंदाच्या सभेला जाल तेव्हां प्रथम दोषदुरुस्ती अहवाल मागा. गेल्या सालीं ऑडिटरनें दाखविलेले दोष दुरुस्त झाले कीं तसेच आहेत, तें त्यांत कळेल. मग उभें राहून विचारा, बँकेचा दाखला ऑडिटरनें स्वतः मागविला कीं सेक्रेटरीनें आणून दिला? उत्तर मिळेपर्यंत हात वर करूं नका.