पोटासाठीचं कर्ज

शहरी गरिबीवर लिहायचं तर मुंबई-पुण्यावर लिहावं, त्यात चिंचपाड्याचा काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध सरळ आहे. नवापूर तालुक्यातलं चिंचपाडा हे सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं लहानसं स्टेशन. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला, कचेऱ्या जवळ आल्या, पण या पट्ट्यातल्या माणसाचं मजुरीचं शहर तेव्हाही सुरत होतं आणि आजही सुरतच आहे. पाऊस सरला, भात घरात आलं की माणसं निघतात. कुणी बारडोलीकडे ऊसतोडीला, कुणी सुरतेत बांधकामावर. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोलीच्या साखर कारखान्यांचा अभ्यास केला, तेव्हाही तिथे ऊस तोडणारी माणसं मोठ्या संख्येनं आमच्या खानदेशातलीच होती. सुरतेत पुलाखाली, बांधकामाच्या आडोशाला जी गरिबी दिसते, तिची सुरुवात इकडे आषाढ-श्रावणात झालेली असते.

त्या दिवसांत काय होतं ते नीट पाहायला हवं, कारण सगळा वाद तिथेच आहे. जून ते सप्टेंबर घरातली कणगी रिकामी असते. नवं पीक शेतात उभं असतं, बियाणं-खतात हातचा पैसा गेलेला असतो. त्यातच पोर तापानं फणफणतं किंवा घराचं छप्पर गळायला लागतं. नेमका त्याच वेळी मुकादम येतो आणि उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्या कोयत्यावर इतकी रक्कम. पैसे घेतले की हंगामाची मजुरी, जागा आणि कामाचे तास मुकादमाच्या हाती गेले. हंगाम संपल्यावर हिशेब होतो आणि उचल फिटली नसेल तर बाकी पुढच्या वर्षावर चढते. ज्या माणसानं मजुरी आधीच खाल्ली आहे, तो मजुरीच्या दरावर भांडणार कशाच्या जोरावर?

सरकारला हे ठाऊक नाही असं नाही. पावसाळ्यातल्या याच उपासमारीसाठी आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्ज दिलं जायचं. २०२० मध्ये त्याचं अनुदान झालं: कुटुंबाला ४,००० रुपये, निम्मे रोख आणि निम्म्याच्या वस्तू. मुकादमाची उचल याच्या कितीतरी पट असते. पण खावटी या योजनेमागचं निदान अचूक होतं. माणसाला पोटासाठी, ठरावीक महिन्यांत, विनाअट पैसा लागतो, हे त्यात मान्य केलेलं होतं.

बचत गटांच्या चळवळीनं मात्र हे निदान बाजूला सारलं, आणि माझा पहिला वाद तिच्याशी आहे. नाबार्डनं १९९२ मध्ये गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली, त्याआधीपासून महाराष्ट्रात ‘माविम’ म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ होतं, पुढे २०११ पासून ‘उमेद’ हे ग्रामीण उपजीविका अभियान आलं. काम मोठं झालं, यात शंका नाही. पण या सगळ्यात एक सिद्धांत मुरला: कर्ज ‘उत्पादक’ हवं. बँकेत गेलं की पहिला प्रश्न, धंदा कोणता? मग शेळी, पापड, शिवणयंत्र अशी ठरलेली उत्तरं. पोरीच्या दवाखान्यासाठी पैसे हवेत असं खरं सांगणारी बाई वाईट कर्जदार ठरते. ती मग कागदावर शेळी लिहिते आणि पैसे दवाखान्यात भरते. खोटं बोलायला आपणच तिला शिकवतो.

धंद्याच्या कर्जानं गरिबी हटते, हा दावा तपासून झालेला आहे. हैदराबादमधल्या १०४ गरीब वस्त्या घेऊन अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केला. त्यातल्या ५२ वस्त्यांत एका सूक्ष्म वित्त संस्थेनं आधी शाखा उघडल्या. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांनी तो थोडा वाढवला. पण घरांचा एकूण खर्च वाढला नाही, मुलांच्या शिक्षणात फरक पडला नाही, घरात बाईच्या शब्दाला अधिक वजन आलं नाही. आणि हे निष्कर्ष येण्याच्या आधीच, २०१० मध्ये, आंध्र प्रदेशात वसुलीच्या जाचानं आणि आत्महत्यांच्या बातम्यांनी इतका हाहाकार उडाला होता की राज्य सरकारला सूक्ष्म वित्त कंपन्यांना आवरायला वटहुकूम काढावा लागला.

यावर अन्नपूर्णा महिला मंडळाचा दाखला हमखास दिला जातो. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र केलं, त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं आणि त्या उभ्या राहिल्या. दाखला खरा आहे, पण त्यातून निघणारा अर्थ वेगळा आहे. त्या बायकांना धंदा शिकवावा लागला नव्हता. गिरणी कामगारांना जेवू घालण्याचं काम त्या वर्षानुवर्षं करतच होत्या. त्यांचं मरण होतं ते वाण्याच्या उधारीत. बँकेच्या पैशानं ती उधारी सुटली. आमच्याकडे वाण्याच्या जागी मुकादम ठेवा, हिशेब तोच.

मग गटाच्या पैशाचं पहिलं काम कोणतं? अडीनडीला उपयोगी पडणं. हे भायखळ्याच्या फूटपाथवरच्या बायकांनी फार आधी ओळखलं होतं. १९८४ मध्ये ‘स्पार्क’ ही संस्था तिथे सुरू झाली. १० जुलै १९८५ ला ऑल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो हे सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं, पण रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटवायला मुभाही ठेवली. पाडकाम डोक्यावर असताना फूटपाथवरच्या घरांची मोजणी झाली, आणि त्यातून ‘महिला मिलन’ उभं राहिलं. जोकिन अर्पुतम यांचा झोपडपट्टीवासीयांचा महासंघ सोबत होता. या बायकांनी बचत सुरू केली तेव्हा बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी प्रत्येक घरासाठी प्लास्टिकची एक पिशवी केली आणि प्रत्येक रकमेसाठी एका रंगाची चिठ्ठी ठरवली. पैसे दिले की त्या रंगाची चिठ्ठी पिशवीत पडायची. कुणीही आपली पिशवी उघडावी आणि आपली शिल्लक बघावी. त्यातून दिलं जाणारं कर्ज आजारपण, रेशन, गेलेला रोजगार अशा संकटांसाठी होतं आणि त्याला कुणी ‘अनुत्पादक’ म्हणून नाक मुरडलं नाही. गरीब बाई बचत करूच शकत नाही, या आक्षेपाला या पिशव्यांपलीकडे वेगळं उत्तर द्यायची मला गरज वाटत नाही.

आता डाव्या मित्रांचा आक्षेप, जो मला सगळ्यात वजनदार वाटतो. ते म्हणतात, बचत गट म्हणजे सरकारनं अंग काढून घेण्याची सोय. सोसायटीतल्या माणसाला नळ आणि गटार महापालिका देते, मग झोपडीतल्या बाईनंच पै-पै जमवून ते का मिळवायचं? हा प्रश्न न्याय्य आहे. गरिबाच्या बचतीतून पाइप टाकायला लावणारी कोणतीही योजना मला अन्यायाची वाटते, आणि अशा योजना झालेल्या आहेत.

पण यातून ‘म्हणून बचत नको’ हा निष्कर्ष निघत नाही. हक्क न्यायालयात मिळतो, पण वस्तीत तो कुणी तरी रोज राबवावा लागतो. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की झोपडी बेकायदा आहे म्हणून पाणी नाकारता येणार नाही. निकाल मोठा होता. पण मुंबईच्या झोपडपट्टीत नळजोडणी बहुधा एकेका घराला मिळत नाही. काही घरांच्या गटाला मिळून मिळते, गटाचा एक सचिव असतो, तो घरोघरचे पैसे गोळा करून बिल भरतो. जिथे बायकांना दहा रुपयांचा हिशेब एकमेकींसमोर मांडायची सवय आहे, तिथे हा नळ टिकतो. जिथे ती नाही तिथे सचिवाच्या जागी दादा बसतो आणि पाणी हंड्यावर विकतो.

पुण्याचा अनुभव आणखी स्पष्ट आहे. १९९९ मध्ये रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना पुणे महापालिकेनं वस्त्यांमध्ये चारशेच्या वर सामुदायिक स्वच्छतागृहं उभारण्याचा कार्यक्रम हाती घेतला. बांधकामाचा खर्च पालिकेचा, आराखड्यात आणि देखभालीत वस्ती व संस्था. महिला मिलनच्या बायका काही ठिकाणी स्वतः ठेकेदार झाल्या. त्यांच्या आराखड्यांत लहान मुलांसाठी वेगळी बैठकीची रांग होती, कारण सकाळच्या गर्दीत मोठी माणसं मुलांना मागे ढकलतात आणि मग मुलं बाहेर उघड्यावर बसतात. ही गोष्ट कुठल्या अभियंत्याच्या नकाशात आधी नव्हती. देखभालीसाठी घरटी महिन्याचा पास. पैसा सरकारचा, अक्कल आणि पहारा वस्तीचा. ही वाटणी मला मान्य आहे. सरकार अंग काढतंय की नाही, हे बांधकामाचा खर्च कुणी केला यावरून ठरवावं. बायका पैसे साठवतात यावरून ते ठरत नाही.

भायखळ्यात आणि पुण्यात हे जमलं, कारण त्या बायका गरीब असल्या तरी एका जागी होत्या. चिंचपाड्याची बाई अर्धं वर्ष एका राज्यात असते आणि अर्धं दुसऱ्या. गटांना प्रतवारी मिळते ती पंचसूत्रीवर: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. सूत्रं चांगली आहेत, पण ती घरी राहणाऱ्या बाईसाठी केलेली आहेत. दिवाळीनंतर पडावावर, म्हणजे तोडीच्या मुक्कामाच्या तळावर, गेलेली बाई पहिल्या दोन सूत्रांत नापास होते. तिला दंड लागतो, मग ती गळते, आणि गटात उरतात त्या जरा बऱ्या घरच्या. म्हणजे ज्या घरासाठी हा सगळा खटाटोप, तेच घर नियमानं बाहेर पडतं. तिकडे सुरतेतही तिला जागा नाही. २०१३ मध्ये सुरू झालेलं शहरी उपजीविका अभियान वस्तीत राहणाऱ्या बायकांचे गट बांधायचं, आणि आमची बाई तर आज या बांधकामावर, उद्या त्या. ग्रामविकासाच्या वहीत ती स्थलांतरित, शहराच्या वहीत परगावची.

यावर उपाय सुचवायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. हंगामी गटाची बैठक जूनपासून दिवाळीपर्यंत आठवड्याला घ्यावी, पडावावर महिन्यातून एकदा. बचत हातात पैसा असेल तेव्हा जास्त आणि नसेल तेव्हा शून्य चालावी, प्रतवारी वर्षाच्या बेरजेवर व्हावी. दहा बायकांनी महिन्याला सरासरी शंभर रुपये टाकले तर वर्षाचे १२,००० होतात. तेवढ्यानं मुकादमाची दहा कुटुंबांची उचल टळणार नाही, हे मलाही दिसतं. पण शेकडा दोन रुपये व्याजानं ते आतल्या आत फिरले तर व्याज गटातच राहतं, आणि जुन्या गटाला बँक त्याच्या निधीच्या कैक पट देते. तिथे बँकेनं अट सोडावी: जून ते सप्टेंबरमधलं कर्ज खावटीसाठी, असं उघड लिहू द्यावं आणि वसुली हंगामानंतर करावी. महामंडळाची खावटी घरोघर वाटण्यापेक्षा अशा गटांच्या पेटीत भांडवल म्हणून टाकली तर तोच पैसा दर आषाढात पुन्हा हाताशी येईल.

उरलेलं काम सुविधांचं आहे, आणि ते बाईचं नाही, सरकारचं आणि मालकाचं आहे. पडावावर पाणी, संडास, अंगणवाडी हवी. देशात कुठेही रेशन मिळण्याची सोय कागदावर झालेली आहे, ती सुरतच्या दुकानात चालायला हवी. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्येच कायदा झाला होता. पण कायदा पाळला जातो की नाही हे विचारायला गेलेल्या एकट्या बाईला मुकादम उद्यापासून येऊ नको म्हणतो, आणि उचल डोक्यावर असल्यानं तिला गप्प बसावं लागतं. उचल न घेता गेलेल्या दहा जणी मिळून विचारायला गेल्या, तर त्यांना घरी पाठवताना त्याला तोडीचे दहा कोयते गमवावे लागतील.