प्रयोगाचा डेटा कोणाच्या खिशात?

विद्यापीठाचे उपकेंद्र, तेरणा अभियांत्रिकी आणि २०२२ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे धाराशिवच्या मुलांना विज्ञानासाठी पुणे गाठलेच पाहिजे, असे आता राहिलेले नाही. २०१८ पासून जिल्हा केंद्र सरकारच्या ‘आकांक्षित जिल्हे’ कार्यक्रमात आहे. प्रयोगशाळांसाठी यंत्रे मागितली जातात, काही मिळतातही. पण यंत्रातून निघणारा डेटा ठेवायचा कुठे, हे खरेदीच्या प्रस्तावात क्वचितच लिहिलेले असते.

लहान शहरांतल्या अनेक लॅबमध्ये तो यंत्राच्या कॉम्प्युटरवर, डी ड्राइव्हमधल्या ‘न्यू फोल्डर’मध्ये पडून असतो. आत ‘फायनल’, ‘फायनल १’, ‘सरांना दाखवलेले’. तिथून पेन ड्राइव्हने घरी. एका पेन ड्राइव्हचा व्हायरस सगळ्या लॅबला लागतो, कोणीतरी फॉरमॅट मारतो आणि पीएचडीची वर्षानुवर्षांची मोजमापे जातात. मदरबोर्डवरचा सेल उतरला असेल तर वीज गेली की तारीखही मागे जाते. मग कोणती फाइल आधीची, हे ती तयार करणाऱ्यालाही सांगता येत नाही.

विभागात एक सामायिक स्टोरेज असले की हे थांबते. त्याला फार खर्च नाही. एक धड चालणारा जुना कॉम्प्युटर, दोन नव्या हार्ड डिस्क आणि १९९२ पासून मोफत मिळणारे ‘सांबा’ हे नेटवर्कवर फाइल शेअर करण्याचे सॉफ्टवेअर एवढ्यात भागते. जोडणी मात्र विचाराने करावी. मोजणी चालू असताना फाइल थेट नेटवर्कवर लिहू नये, केबल हलली तर अख्खे रीडिंग वाया जाते. ती आधी कॉम्प्युटरवरच साठवावी आणि मोजणी संपली की तिची प्रत आपोआप सर्व्हरवर जावी. यंत्राला वेगळा युजर द्यावा. विद्यार्थ्यांना मूळ फाइल वाचता यावी, बदलता येऊ नये.

खरी अडचण जुन्या यंत्रांची आहे. त्यांतल्या कित्येकांचे सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवरच चालते आणि एक्सपीला फाइल शेअर करण्याची ‘एसएमबी-१’ ही जुनीच पद्धत येते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणी मागणारा व्हायरस याच दारातून जगभर शिरला. जूनमध्ये ‘नॉटपेट्या’ या व्हायरसने न्हावाशेव्याच्या बंदरातले एक टर्मिनल ठप्प केले. तेव्हा जोडणी होत नाही म्हणून सर्व्हरवर ती पद्धत पुन्हा चालू करून देणे साफ चूक आहे. एक्सपीचा कॉम्प्युटर इंटरनेटपासून तोडावा. तो आणि सर्व्हर यांच्या मध्ये दोन नेटवर्क कार्डांचा लिनक्स कॉम्प्युटर ठेवावा. हा लिनक्स कॉम्प्युटर जुन्याकडून फाइल घेईल आणि नव्या पद्धतीने पुढे देईल.

सर्व्हरच्या दोन डिस्कवर एकच डेटा एकाच वेळी लिहिला जातो म्हणजे बॅकअप झाला, असेही समजू नये. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून पुसली जाते. आणखी एक प्रत दुसऱ्या इमारतीत हवीच.

प्राचार्यांना आणि विभागप्रमुखांना विनंती एवढीच की, यंत्राच्या पुढच्या प्रस्तावात स्टोरेज, केबल आणि यूपीएसचा खर्च यंत्राच्या किमतीसोबतच मागावा.